छतातच बसणारं सोलर: कौल, पत्रा, काच की आपलं साधं पॅनल?
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतून आणि मुंबईकरांच्या गावच्या घरांवरून येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. लोक जसे विचारतात तसेच ठेवलेत. जिथे एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यावं लागलं असतं तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. छतात बसवलेलं सोलर म्हणजे नक्की काय? गच्चीवर स्टँडवर लावतात तेच ना?

नाही. स्टँडवरचं पॅनल छताच्या वर असतं, ते काढून नेलं तरी छत जागेवरच. छतात बसवलेलं पॅनल काढलं की खाली उभं राहून आभाळ दिसतं. म्हणजे त्या एकाच वस्तूने वीज पण करायची, पाऊस पण अडवायचा आणि वाऱ्यात उडायचं पण नाही. वीज करणं हे यातलं सोपं काम आहे, खरी परीक्षा पावसाची, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला त्या शहरात तर नक्कीच.

२. यात प्रकार किती आहेत? प्रत्येक सेल्समन वेगळं नाव सांगतो.

नावं सोडा, वस्तू चारच. पहिली सोलर कौलं, म्हणजे कौलाच्या किंवा स्लेटच्या आकाराचे छोटे तुकडे, प्रत्येकात थोडे सेल (वीज तयार करणाऱ्या चकत्या). दुसरी इन-रूफ ट्रे, यात पॅनल नेहमीचंच मोठं असतं पण कौलं काढून त्या जागी ट्रे आणि फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी आत येऊ नये म्हणून लावायच्या पट्ट्या) बसवून पॅनल छताच्या लेव्हलला आणतात. तिसरी पत्र्यावर चिकटवलेली पातळ फिल्म. चौथी ग्लास-टू-ग्लास पॅनल, दोन्ही बाजूंना काच, हीच पॅनलं छप्पर म्हणून टाकायची, शेडला किंवा पार्किंगला. अधेमधे एकत्र केलेले प्रकार पण येतात, जसं हैदराबादच्या विसाका इंडस्ट्रीजचं 'ॲटम', त्यात सिमेंट बोर्ड आणि सेल एकाच शीटमध्ये असतात. कोणी नवीन नाव घेऊन आला तर एवढंच विचारा की खाली पाणी कोण अडवतंय, काच, ट्रे, पत्रा की बोर्ड. त्यावरून वस्तू कळते.

३. आमची बिल्डिंग आहे, वर सपाट स्लॅब. यातलं काय घेऊ?

काहीच नको. स्लॅब तुमचं छत आहे आणि तो काही कुठे जात नाही, त्यावर साधं स्ट्रक्चर टाकून साधी पॅनलं लावा, स्वस्त पडेल, खालून हवा खेळेल, आणि स्लॅबवर सावली पडल्यामुळे वरच्या मजल्यावाल्यांना एप्रिल-मेमध्ये थोडा आराम मिळेल तो वेगळाच. फक्त स्ट्रक्चरचे पाय बसवताना वॉटरप्रूफिंग फोडू देऊ नका, सिमेंटचे ब्लॉक करून त्यावर पाय घ्यायला लावा. अपवाद एकच, गच्चीवर आधीच शेड असेल तर. तो पुढचा प्रश्न.

४. सोसायटीच्या गच्चीवर पावसाळी शेड आहे, पत्रे सडलेत, बदलायचेच आहेत. पत्र्याऐवजी सोलरच टाकलं तर?

मुंबईत छतात बसणाऱ्या सोलरचा सगळ्यात शहाणा उपयोग हाच, असं माझं स्पष्ट मत आहे. पत्र्याचा खर्च वाचतो, शेडचा सांगाडा आधीच उभा असतो (तो चालेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल, सेल्समन नाही), आणि ग्लास-टू-ग्लास बायफेशियल पॅनल घेतलं तर खालची लादी पांढरी रंगवून मागच्या बाजूनेही थोडी वीज मिळते.

आता अडचणी. साडेपाचशे वॅटचं एक पॅनल तीसेक किलोचं असतं, पत्रा त्यापुढे कागद, म्हणून जुन्या पाईपांवर तसंच चढवायचं नाही. पर्लिनचं (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पाईपांचं) अंतर पत्र्याच्या हिशेबाने असतं, पॅनलला क्लॅम्प कुठे लागणार ती जागा कंपनीने ठरवून दिलेली असते, दोन्ही जुळत नाहीत आणि मग फॅब्रिकेटर कुठेही क्लॅम्प मारतो आणि काच तडकली की वॉरंटी गेली. दुसरं म्हणजे गळती. दोन पॅनलांच्या फटीत नुसतं सिलिकॉन भरून देणारे बरेच आहेत, ते पहिला पावसाळा काढतं, उन्हाने आखडलं की दुसऱ्या पावसाळ्यात गळतं. सगळ्यात आधी पाणी येतं चार पॅनलांचे कोपरे जिथे मिळतात तिथे. तिथे खालून उभी-आडवी पन्हळ हवी, म्हणजे फटीतून उतरलेलं पाणी पन्हळीत पडून बाहेर जाईल, आणि रबर गॅस्केट त्याच्या वर. कोटेशनमध्ये पन्हळ लिहिलेलीच नसेल तर तो माणूस सावलीपुरती शेड करतोय, पाऊस अडवणारं छप्पर नाही. उतार पण हवा, अगदी सपाट टाकलं की खालच्या कडेला धूळ आणि कबुतरांची घाण साचते आणि नेमकी त्याच ओळीतल्या सेलवर सावली धरते. धुवायला चालायची पट्टी ठेवा, काचेवर पाय ठेवून कोणी चालता कामा नये.

शेडला महापालिकेची परवानगी आहे का ते आधी बघा, नसेल तर त्यावर सोलर टाकल्याने ती कायदेशीर होत नाही. गच्ची सगळ्यांची, त्यामुळे जनरल बॉडीचा ठराव लागेलच.

५. कोकणात गावचं घर आहे, मंगळुरी कौलांचं. दरवर्षी शाकारणीला माणसं मिळत नाहीत, माकडं कौलं फोडतात. सोलर कौलं टाकून मोकळं व्हावं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, मे महिना संपता संपता तर रोज.

आधी हे बघा की घरात राहतं कोण. आई-बाबा बारा महिने राहत असतील, पंप, फ्रिज, पंखे चालू असतील तर पुढे वाचा. पण घर फक्त गणपती, शिमगा आणि मे महिन्यात उघडत असेल तर वीज वर्षभर ग्रिडला (वीज कंपनीच्या लाईनला) जाणार आणि ३१ मार्चला हिशेब होऊन उरलेल्या युनिटांचे जे पैसे मिळतात ते तुम्ही भरता त्या दरापेक्षा बरेच कमी असतात. तसल्या घरावर महागडं छत टाकून वसूल काही होत नाही.

राहतं घर असेल तर वासे आणि रिपा तपासा. कौल अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला पंधराएक कौलं, म्हणजे चाळीसेक किलो वजन त्या वाशांनी आजवर पेललंय. पॅनल त्यामानाने हलकं, चौरस मीटरला बारा-तेरा किलो, त्यामुळे वजनाची भीती नको. उलट भीती हलकेपणाची. कौलं आपल्या वजनाने बसतात, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आलं तेव्हा ती वजनदार कौलंसुद्धा उडाली. पॅनलला खालून वारा लागला तर ते रिपेसकट उचललं जाईल, म्हणून रिपेला खिळा मारून भागत नाही, वाशापर्यंत बोल्ट जायला हवा आणि वासा आतून पोखरलेला नसावा. वाळवी लागलेल्या वाशाला ठोकून बघा, आवाजावरून गावचा सुतार लगेच सांगेल.

एवढं सगळं ठीक असेल तरी माझं उत्तर सोलर कौलं नाही, इन-रूफ ट्रे. का ते प्रश्न ६ मध्ये. माकडांचं म्हणाल तर टफन्ड ग्लासवर माकड उडी मारून काही होत नाही, पण माडावरून नारळ पडला तर सांगता येत नाही, माडाखालचा भाग सोडून द्या, तशीही तिथे सावलीच असते.

६. पण दिसायला सोलर कौलंच भारी दिसतात. तुम्ही ट्रेच्या बाजूने का?

दिसतात, मान्य. पण पंधरा वर्षांनी एक कौल फुटलं तर काय, हा विचार करा. सोलर कौलाचा आकार, हूक, कनेक्टर सगळं त्या एका कंपनीचं असतं. अमेरिकेत डाऊ केमिकलसारख्या दांडग्या कंपनीने २०११ मध्ये सोलर शिंगल (कौलांसारखेच तुकडे) बाजारात आणले आणि २०१६ मध्ये बंद केले, तशीच पत्र्यावर चिकटवायची फिल्म करणारी युनि-सोलर २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्यांनी छतं करून घेतली त्यांना तसाच जोडीचा तुकडा आता कुठून मिळणार? ट्रेमध्ये पॅनल नेहमीच्या मापाचं असतं, अगदी तेच मिळालं नाही तरी ट्रेचं माप थोडं जमवून दुसऱ्या कंपनीचं बसतं.

दुसरं, जोड. तीन किलोवॅटला साडेपाचशेची सहा पॅनलं पुरतात. साठ वॅटची कौलं घेतली तर पन्नास लागतील, म्हणजे पन्नास तुकड्यांच्या वायरी आणि कनेक्टर, सगळे कौलांखाली, दमट हवेत, उंदरांच्या सोबतीला. डीसी लाईनवर (पॅनलकडून येणाऱ्या वायरीवर) एक कनेक्टर ढिला राहिला की तिथे ठिणगी धरते, आणि खाली लाकडी वासे. चांगल्या कंपनीचं काम चांगलं असतं, नाही असं नाही, पण बिघाड शोधायला वर चढणारा माणूस देवरुखात किंवा पालीत मिळणार आहे का हे बघून ठरवा.

७. टेस्लाचं सोलर रूफ मुंबईत मिळेल का?

नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये दाखवलं तेव्हापासून लोक विचारतायत. बीकेसीत २०२५ मध्ये उघडलं ते गाड्यांचं शोरूम. आणि ते छत अमेरिकन पद्धतीच्या सलग लाकडी फळ्यांच्या छतावर बसतं, आपल्या उघड्या वासे-रिपांवर नाही. सबसिडीचा तर प्रश्नच नाही (१० बघा).

८. छताला चिकटून असलेलं सोलर गरम होऊन वीज कमी देतं म्हणतात. किती फरक पडतो?

पॅनलवर लिहिलेले वॅट २५ डिग्री सेलच्या तापमानाला मोजलेले असतात, आणि साध्या मोनो (नेहमीच्या सिलिकॉन सेलच्या) पॅनलची ताकद त्यावरच्या प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३५ टक्का घटते. मुंबईत एप्रिलच्या दुपारी सेल ७० डिग्रीला गेला तर ४५ डिग्री जास्त, म्हणजे सोळाएक टक्के गेले. मागून हवाच नसेल आणि तो ८० ला गेला तर एकोणीस. म्हणजे स्टँडवरच्या आणि छतात दाबलेल्या पॅनलमध्ये त्या वेळेला तीन-चार टक्क्यांचा फरक, रडण्याइतका नाही पण पंचवीस वर्षं रोज. टॉपकॉन (सुधारित सिलिकॉन सेलचं) पॅनल घ्या, त्याची घट ०.३ च्या आसपास असते. पत्र्यावर चिकटवलेली फिल्म सगळ्यात जास्त तापते, पण पातळ फिल्मला तापमानाचा त्रास सिलिकॉनपेक्षा कमी होतो, त्यामुळे तिथे हिशेब तेवढा वाईट येत नाही, तिची खरी अडचण जागेची आहे.

घर किती तापतं हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, ट्रेचं छत बंद असतं. आढ्याला हवा जायला वाट ठेवली नाही तर माळ्यावर मेमध्ये बसवणार नाही.

९. किती जागा लागेल आणि किती युनिट मिळतील?

साडेपाचशेचं पॅनल साधारण २.२८ बाय १.१३ मीटर, म्हणजे अठ्ठावीस चौरस फूट. तीन किलोवॅटला सहा पॅनलं, पावणेदोनशे फुटांत छतातलं काम बसतं. स्टँडवर मध्ये मोकळी जागा सोडावी लागते म्हणून तिथे जास्त धरतात. पातळ फिल्मला तेवढ्याच वीजेसाठी दीडपट-दुप्पट छत लागतं, आणि अर्धपारदर्शक काचेत जेवढा उजेड आत येऊ द्याल तेवढी वीज कमी.

मुंबईत वर्षाची सरासरी किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरतात. तीन किलोवॅटला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, पण जुलै-ऑगस्टमध्ये मार्च-एप्रिलच्या अर्ध्याच्या आसपास येते, तेव्हा फोन करून पॅनल खराब आहे म्हणू नका.

१०. छतात बसवलेल्या सोलरला सबसिडी मिळते का?

मिळते. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तिच्यात इमारतीतच बसवलेलं सोलर पण धरलंय. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. सोसायटीच्या सामायिक कनेक्शनला (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे) किलोवॅटमागे १८,०००.

लोक अडकतात ते दुसरीकडे. पॅनल भारतात बनलेलं आणि त्यातला सेलसुद्धा भारतात बनलेला असावा लागतो, त्यामुळे बाहेरून आणलेली सोलर कौलं बाद. बसवणारा सरकारी पोर्टलवर नोंदणी केलेला हवा. आणि लाईट बिल ज्याच्या नावावर अर्ज त्याचाच, गावच्या घराचं मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी ते बदलून घ्या, तिथेच महिने जातात.

सबसिडी किलोवॅटवर मिळते, छताच्या खर्चावर नाही. छतातलं सोलर साध्यापेक्षा बरंच महाग असतं आणि जास्तीचा सगळा भार तुमच्यावरच येतो. तुलना करताना मात्र साध्या पॅनलच्या कोटेशनमध्ये नव्या पत्र्याचा किंवा कौलांचा खर्च मिळवा आणि मग दोन आकडे शेजारी ठेवा, नाहीतर तुलना खोटी होते.

११. नेट मीटरसाठी कोणाकडे जायचं?

नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर. त्यासाठी बिल ज्याचं येतं त्याच्याकडे जायचं. शहरात बेस्ट, उपनगरात बहुतेक अदानी, दोन्हीकडे काही ठिकाणी टाटा पॉवर, आणि मुलुंड-भांडुप, ठाणे, नवी मुंबई आणि गावाकडे महावितरण. पॅनल छतात आहे की छतावर याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीचा वेगळा घोळ आता राहिलेला नाही.

१२. आमच्या छताचा मोठा उतार उत्तरेला आहे. सगळे म्हणतात फुकट जाईल.

फुकट नाही. मुंबई १९ अंशांवर आहे, मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. गंमत अशी की नेमका तेव्हाच जूनपासून ढग येतात, आणि हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असताना सूर्य दक्षिणेला. तीस अंशांच्या उत्तर उतारावर दक्षिणेपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी धरून चाला. पूर्व-पश्चिम उतार त्याहून बरे. स्टँडवर दिशा बदलता येते, छतातल्या पॅनलला छत जिथे बघेल तिथेच बघावं लागतं, म्हणून उत्तर उतारवाल्यांनी दक्षिणेकडचा छोटा भाग आधी भरावा.

दक्षिणेला शेजारी टॉवर उभा राहतोय? मग डिसेंबरातल्या दुपारी सावली कुठवर येते ते बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

१३. गळलं तर जबाबदार कोण?

सोलरवाला म्हणणार फ्लॅशिंग छपरावाल्याचं, छपरावाला म्हणणार भोक सोलरवाल्याने पाडलं. आणि तुम्ही बादली घेऊन मध्ये. म्हणून कॉन्ट्रॅक्ट एकच, एकाच माणसाशी, आणि त्यात गळतीची वॉरंटी वर्षांसकट वेगळी लिहून घ्या, 'पंचवीस वर्षं वॉरंटी' म्हणतात ती वीजेची असते, पाण्याची नाही. शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत रोखून धरायला जमलं तर उत्तम.

१४. घर समुद्राला लागून आहे. खाऱ्या हवेत टिकेल?

पॅनल टिकतं, त्याच्या मिठाच्या हवेच्या टेस्टचा नंबर आयईसी ६१७०१, सर्टिफिकेट मागा. सडतात ते स्क्रू आणि क्लॅम्प. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. ३०४ ला किनाऱ्यावर तांबेरा धरतो. छतातल्या कामात स्क्रू झाकलेले असतात म्हणून गंज दिसतही नाही, त्यामुळे हे आधीच बघायचं.

१५. लाईट गेली की छतावरचं सोलर चालेल ना?

साध्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरवर (पॅनलची वीज घरच्या विजेत बदलून ग्रिडला जोडणारा डबा) नाही, ग्रिड गेली की तो मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. गावाकडे वादळानंतर दिवसेंदिवस वीज नसते, तिथे हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी घ्या. छताचा प्रकार कुठलाही असो, हे तसंच.

१६. आमचं घर जुन्या गावठाणात आहे, हेरिटेज यादीत. पॅनल दिसलं तर चालणार नाही म्हणतात.

खोताची वाडी किंवा वांद्र्याच्या रनवारसारख्या ठिकाणी दर्शनी बाजू बदलायची तर हेरिटेज समितीचा विषय येतो, ग्रेडप्रमाणे. इथे मात्र मी माझंच प्रश्न ६ चं मत बाजूला ठेवतो. रस्त्याकडच्या उताराला हात लावू नका आणि मागच्या उतारावर ट्रे टाका, आणि मागचा उतार पण दिसत असेल तरच सोलर कौलांचा जास्तीचा खर्च पटतो. थोडी जास्त कौलं आत्ताच विकत घेऊन माळ्यावर ठेवा.

१७. बिल्डिंग सात-आठ वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाईल असं दिसतंय. तरी शेडवर टाकावं?

स्टँडवरची साधी पॅनलं. ती काढून दुसरीकडे लावता येतात किंवा विकता येतात. शेडचं सोलर छप्परही क्लॅम्पवर असेल तर सुटतं, पण त्याच्या पन्हळी आणि गॅस्केटवर केलेला खर्च डंपरमध्ये जातो. डेव्हलपरशी बोलणी सुरू झाली असतील तर थांबा.

१८. जुना सिमेंटचा पत्रा आहे, त्यावरच फिल्म चिकटवू का?

नको. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. त्याला भोकं पाडणं, घासणं, तोडणं यातून जी धूळ उडते ती फुफ्फुसासाठी वाईट. शिवाय तो पत्रा ठिसूळ असतो, वर चढलेला माणूस थेट खाली येतो, असे अपघात होतात. तो न फोडता, ओला करून, अख्खाच्या अख्खा उतरवून घ्या आणि मग नवीन छत ठरवा. फिल्म चिकटवायचीच असेल तर सपाट पट्ट्यांचा कोटेड पत्रा लागतो, नालीदार पत्र्यावर ती बसतच नाही.

१९. काम कधी काढावं?

दिवाळीनंतर. मंजुरी, पॅनल, सुतार सगळं धरून फेब्रुवारी-मार्चपर्यंत छत बंद व्हायला हवं, मग एप्रिलमध्ये वरून पाईपने तासभर पाणी मारून बघायला वेळ मिळतो. मेमध्ये छत उघडायला सांगणारा कंत्राटदार ताडपत्री बरोबर आणतोय का ते विचारा.